सोनं खरं, पण नाणं?

चि. ओंकार,


फोटो मिळाले. माझ्या आईच्या डबीतली गिनी, तिची पुतळ्यांची माळ आणि तुझ्या ऑफिसातल्या मित्राने दिलेला तो ‘शिवकालीन होन’, तिन्ही एकाच मेसेजमध्ये, आणि खाली तुझा एका ओळीचा प्रश्न : ‘आत्या, सराफाने दगडावर घासून सांगितलं, गिनी बावीस कॅरेट आहे. म्हणजे खरीच ना? मोडू का?’

मोडू नकोस. आणि यापुढे ती गिनी कुणालाही दगडावर घासू देऊ नकोस.

सराफ खोटं बोलला असं मी म्हणत नाही. तू सोन्याचं विचारलंस, त्याने सोन्याचं सांगितलं. कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढायची, शेजारी माहितीच्या कसाची रेघ ओढायची, दोन्हींवर तेजाब फिरवायचं आणि कोणती किती टिकते ते बघायचं, ही त्याची विद्या. ती जुनी आहे आणि पक्की आहे. पण त्या रेघेला राजाचा चेहरा कुणी कोरला, नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं, हे कळत नाही. बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. गिन्यांचा हार आला की आम्ही वजन करायचो, कड्या आणि डागाची घट धरायचो, कस बघायचो आणि कर्जाची रक्कम लिहायचो. गिनी लंडनची की गल्लीतल्या सोनाराची, हे कधी कुणी विचारलंच नाही, कारण बँकेला त्याने काही फरक पडत नव्हता. तुला पडतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट आहे. इटलीत मिलान शहरात होजे बेराहा नावाच्या माणसाने ब्रिटिश गिन्या पाडायचा कारखाना काढला. त्याच्या गिन्यांत सोन्याची चोरी नव्हती. सरकारी गिनीत असतं तेवढंच सोनं तो घालायचा. मग मिळकत कशात? त्या काळात लोकांचा नोटांवरचा विश्वास उडाला होता आणि गिनीला तिच्यातल्या सोन्याहून बराच चढा भाव येत होता. लगडीच्या भावाने सोनं घ्यायचं आणि गिनीच्या भावाने विकायचं, एवढाच धंदा. पुढे तो स्वित्झर्लंडला गेला. खटल्यासाठी त्याला तिथून ताब्यात मागितलं, तेव्हा न्यायालयाने नकार दिला. गिनी व्यवहारातलं चलनच उरलेली नाही, मग नकली चलनाचा गुन्हा कसा, असा तो मुद्दा होता. नंतर बैरूतमध्येही अशा गिन्या पडल्या आणि आजही त्या जगभर फिरतात. यातली एखादी तुझ्या सराफाकडे गेली असती, तर त्यानेही मान डोलावून ‘बावीस कॅरेट’ म्हटलं असतं.

आपल्याकडे अशा गिन्या पाडण्याचं कारण त्याहून साधं. हाराला दहा गिन्या हव्यात आणि घरात निघाल्या सहा. मग सोनार ठसा करून उरलेल्या चार पाडून द्यायचा. त्यात फसवाफसवी नव्हती, दागिना पुरा करायचा होता. मात्र दोन पिढ्यांनी हार तुटतो, गिन्या वाटल्या जातात आणि सोनाराची गिनी राणीच्या गिनीच्या पंक्तीला जाऊन बसते.

आता तुझ्या गिनीकडे येते. फोटोत साल १९१८ दिसतंय आणि मला रस वाटला तो तिथेच. पंचम जॉर्जच्या गिन्या लंडनच्या टांकसाळीत १९११ ते १९१७ या काळात पडल्या. त्यानंतर लंडनच्या गिनीवर साल दिसतं ते एकदम १९२५. म्हणजे १९१८ ची लंडनची गिनी अशी चीजच नाही. त्या सालच्या गिन्या साम्राज्यातल्या शाखांनी पाडल्या : सिडनी, मेलबर्न, पर्थ, कॅनडातलं ओटावा आणि पाचवी आपली मुंबई.

मुंबईचा हा मान एवढ्या एकाच वर्षाचा. पहिलं महायुद्ध चालू होतं, समुद्रात पाणबुड्यांची भीती होती, सोनं लंडनला नेऊन नाणी करून परत आणणं जोखमीचं झालं होतं. म्हणून फोर्टमधल्या टांकसाळीत शाही टांकसाळीची शाखा उघडली आणि सुमारे १३ लाख गिन्या पडल्या, सगळ्यांवर साल १९१८. ही शाखा उघडण्याआधी तिथेच, त्याच वर्षी, पंधरा रुपयांची सोन्याची मोहोरही पडली होती, वजनाला आणि कसाला गिनीइतकीच. कारण गिनीचा भावच मुळी सरकारने १८९९ च्या कायद्याने १५ रुपये बांधून दिला होता आणि तेव्हापासून ती इथल्या व्यवहारात रुळली होती. दक्षिणेत आजही सोनं आठ ग्रॅमच्या हिशोबात बोलतात, ते या गिनीमुळेच.

तर साल बघून झालं की त्या सालाच्या बरोबर वर बघ. गिनीवरच्या घोड्याखाली जमिनीची एक पट्टी आहे, तिच्यावर अगदी बारीक अक्षर असतं. मुंबईसाठी इंग्रजी ‘आय’, सिडनीला ‘एस’, मेलबर्नला ‘एम’, पर्थला ‘पी’, ओटावाला ‘सी’. ‘आय’ म्हणजे एक उभी दांडी आणि तिच्या वर-खाली छोट्या आडव्या रेघा. तुझ्या दुसऱ्या फोटोत मला तिथे काहीतरी दिसतंय, पण मोबाइलच्या फोटोवर मी शपथ घेणार नाही. तिथे काहीच नसेल आणि जागा झिजलेलीही नसेल, तर ही गिनी टांकसाळीची नाही. सोन्याच्या भावाची आहे, एवढं म्हणायचं आणि पुढे जायचं. उलट, अक्षर असलं म्हणजे काम झालं असंही नाही, कारण ठसा करणारा अक्षरही कोरतोच.

घड्याळवाल्याकडून दहापट मोठं दाखवणारं भिंग आण. दोनशे-तीनशेचा तो खर्च कर आणि सकाळी खिडकीशी बस. ट्यूबलाइटखाली काही कळत नाही, प्रकाश तिरपा यायला हवा. नाणं कडेने धर, पृष्ठाला बोट लावू नकोस. आधी मोकळी जागा बघ, राजाच्या चेहऱ्यासमोरची. टांकसाळीत नाणं प्रचंड दाबाखाली ठशातून निघतं, त्यामुळे ही जागा सपाट आणि एकसंध असते आणि अक्षरं तिच्यातून कडा राखून ताठ उभी राहतात. साच्यात ओतलेल्या नाण्यात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे सापडतात, हवेचे बुडबुडे फुटून राहिलेले, आणि अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी गुळगुळीत होतात. यात झिजलेलं आणि बुळबुळीत पडलेलं, या दोहोंत गल्लत होते. झीज उंच भागांवर येते : राजाची भुवई, दाढी, घोड्याचा पुठ्ठा. अक्षरांच्या पायथ्याशी, खोबणीत झीज पोचत नाही. उंच भाग तीक्ष्ण आणि खोबणी मात्र भरलेल्या असल्या, तर संशय घे.

मग घोड्याकडे जा. हे चित्र बेनेदेत्तो पिस्त्रुची या इटालियन कोरक्याचं, १८१७ पासूनचं : संत जॉर्ज घोड्यावर, हातात आखूड तलवार, खाली वळवळणारा राक्षसी सर्प आणि जमिनीवर तुटलेल्या भाल्याचा तुकडा. पिस्त्रुचीच्या आद्याक्षरांची जोडी जमिनीच्या पट्टीशी उजवीकडे असते. दुसऱ्या बाजूला राजाच्या मानेच्या कापावर बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकाराची आद्याक्षरं. नकली पाडणारे मोठ्या रेषा नीट उतरवतात आणि इथे घसरतात. आद्याक्षरांचा गोळा होतो, लगामाची रेघ मध्येच तुटते, शिरस्त्राणाचा झुपका चिकटून जातो. माझा अनुभव असा की चेहऱ्याकडे बघून कुणी काही ठरवू नये. चेहरा सगळ्यांनाच जमतो, लगाम जमत नाही.

आता कड. खाचा सगळीकडे सारख्या हव्यात. मधोमध एक बारीक रेघ गोल फिरलेली दिसली, तर दोन साचे जोडल्याची ती खूण. कुठे कानस फिरल्यासारखं दिसलं, तर एखादी कडी कापून काढलेली असेल. आईने ती गिनी कधी गळ्यात घातली होती का, वहिनीला विचार. कडीचा डाग काढला असेल तर नाणं खोटं ठरत नाही, किंमत मात्र उतरते. आणखी एक गंमत करून बघ. राजाचा चेहरा सरळ उभा धर, डावी-उजवी कड चिमटीत पकड आणि नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलट. संत जॉर्जही सरळच उभा दिसला पाहिजे. उताणा किंवा तिरका निघाला, तर पंचम जॉर्जच्या गिनीला ते शोभत नाही.

इथवर सगळं ठीक निघालं तर काटा काढ. गिनीचं ठरलेलं वजन ७.९८८ ग्रॅम आणि व्यास साधारण २२ मिलिमीटर. जुन्या कायद्याप्रमाणे ती झिजून ७.९३८ ग्रॅमच्या खाली गेली की सरकार ती पुऱ्या किमतीला घेत नसे. लोकांच्या हातून फिरलेली गिनी एवढी हलकी होणं स्वाभाविक आहे. पण झिजलेली गिनी जड कधी होत नाही. तुझ्या काट्यावर ८.०५ आले आणि काटा बरोबर असेल, तर भिंग बाजूला ठेवलंस तरी चालेल.

वजन आणि आकार दोन्ही जमले, की पाण्यातली परीक्षा. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा, बाजारात मिळतो. प्लास्टिकच्या हलक्या ग्लासात पाणी घे, काट्यावर ठेव आणि आकडा शून्यावर आण. गिनी शिवणाच्या दोऱ्याच्या फासात अडकव आणि वरून धरून पाण्यात पूर्ण बुडव. ग्लासाच्या तळाला टेकू नये, काठाला लागू नये. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. बावीस कॅरेटच्या गिनीचा तो ०.४५ च्या आसपास येतो. ७.९८ ला ०.४५ ने भागलंस की १७.७ मिळतात. तांबं मिसळलेल्या बावीस कॅरेट सोन्याची घनता तेवढीच असते. शेवटचा आकडा एकाने इकडेतिकडे झाला तर घाबरू नकोस, नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडाही तेवढा फरक पाडतो. गिनीच्याच वजनाचा पितळेचा तुकडा असाच बुडवलास, तर काटा ०.९० च्या पुढे जाईल. म्हणून पितळेवर मुलामा देऊन कुणाला गिनी करायची असेल, तर एक तर ती अर्ध्या वजनाची होते, नाही तर दुप्पट जाड. टंगस्टन हा धातू सोन्याइतकाच जड असतो आणि त्याने लोक फसतात हे खरं आहे. पण तो इतका कठीण की त्यावर असा बारीक घोडा उठवणं सोपं नाही. तो धोका लगडींना जास्त.

चुंबकाची परीक्षा तू आधीच केलीस म्हणालास. ठीक. त्याने लोखंड नाही एवढं कळलं. पितळ, तांबं, चांदी यांनाही चुंबक ओढत नाही. आणि चावून बघू नकोस, सिनेमात ते छान दिसतं.

कॅरेट मीटरचं यंत्र आता बऱ्याच पेढ्यांत असतं. त्यात नाण्याला ओरखडा पडत नाही, म्हणून दगडापेक्षा ते बरं. पण क्ष-किरणांचं ते यंत्र वरच्या पातळ थरातलंच वाचतं. जाड मुलामा असला तर ते मुलाम्याचा कस सांगतं. म्हणून यंत्र आणि पाणी, दोन्ही कर.

आणि स्वच्छ करू नकोस. रिठा, चिंच, टूथपेस्ट, काहीही नाही. वहिनीला हे ठासून सांग, कारण दिवाळीला तिचा हात शिवशिवतो. घासलेल्या नाण्याचं सोनं तेवढंच राहतं, पण संग्राहक ते बघून खाली ठेवतो.

पुतळ्यांचं थोडक्यात सांगते. पुतळी म्हणजे मुळात इटलीतल्या व्हेनिसचं डुकॅट. १२८४ मध्ये सुरू झालं आणि नेपोलियनने १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक बुडवेपर्यंत चित्र जवळजवळ तेच राहिलं. एका बाजूला संत मार्क गुडघे टेकलेल्या राजप्रमुखाच्या हाती निशाण देतोय, दुसरीकडे लांबट वलयात ख्रिस्त आणि भोवती तारे. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं हे नाणं मिऱ्यांच्या मोबदल्यात आपल्या किनाऱ्यावर आलं आणि आपल्या बायकांनी त्याची माळ केली. केरळात लोकांना त्या निशाणाच्या काठीत माड दिसला आणि राजप्रमुखात माडी काढणारा. पुतळीवर साल नसतं. कोणत्या राजप्रमुखाचं नाव आहे त्यावरून काळ ठरतो. तुझ्या फोटोत मात्र नाव वाचताच येत नाही, अक्षरांच्या जागी नुसत्या दांड्या आणि टिंबं आहेत. म्हणजे त्या बहुतेक आपल्याकडेच पाडलेल्या नकला. पण म्हणून नाक मुरडू नकोस. अशा नकला शेकडो वर्षं इथे होत आल्या आहेत, कधी कधी मूळ नाण्याइतक्याच जुन्या असतात आणि सोनंही चांगलं असतं. कड्या लावलेल्या असल्याने वजनावरून काही ठरत नाही. ती माळ मला माळ म्हणूनच आवडते. तुझ्या बायकोने लग्नकार्यात घालावी, त्यात तपासण्यासारखं फारसं काही नाही.

उरला होन. मुद्दाम शेवटी ठेवला, कारण यात तुझा पैसा जायची वेळ आहे.

मित्राच्या काकाला घराचा पाया खणताना हंडा सापडला, त्यातला एक होन ‘बघायला’ दिला, सराफाने तो खऱ्या सोन्याचा सांगितला आणि आता उरलेले चाळीस निम्म्या भावात मिळतायत, असं तू लिहितोस. ओंकार, ही गोष्ट मी बँकेत इतक्या लोकांच्या तोंडून ऐकली आहे की पुढची वाक्यं मला पाठ आहेत. पहिलं नाणं खरं असतं, कारण ते तपासायलाच दिलेलं असतं. पैसे दिल्यावर हातात येते ती पितळेची पिशवी. ‘कुणाला सांगू नका, सरकार जमा करेल’ हे वाक्य आलं असेलच. ते आपल्याला तपासायला वेळ मिळू नये म्हणून असतं, आणि नंतर आपण पोलिसांकडे जाऊ नये म्हणूनही.

समज, हंडा खरंच सापडला. तरी १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवता विकणारा आणि जाणूनबुजून घेणारा, दोघेही अडचणीत येतात. शिवाय शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू ठरू शकतं, १९७२ च्या कायद्याने ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ताई अमेरिकेला जाताना ‘आजीची आठवण’ म्हणून गिनी न्यायची म्हणत होती ना, तिलाही हे सांग.

आणि शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन म्हणजे काय, हे तुझ्या मित्राला ठाऊक नाही. तांब्याची शिवराई महाराजांनंतरही पेशवाईभर पडत राहिली, म्हणून ती आजही सहज मिळते. सोन्याचा होन अगदी मोजका उरला आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपती’, भोवती टिंबांचं वर्तुळ, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. तो हातोड्याने ठोकून पाडलेला. ठसा मोठा आणि सोन्याची चकती लहान, त्यामुळे प्रत्येक होनावर कुठलं तरी अक्षर कडेला कापलं जातं आणि दोन होन हुबेहूब कधी नसतात. तुझ्या फोटोतला होन गोल गरगरीत आहे, अक्षरं कंपासने मांडल्यासारखी मधोमध, टिंबांचं वर्तुळ पूर्ण. गडाच्या पायथ्याशी आठवण म्हणून अशा प्रतिकृती मिळतात, त्याच घाटाचा आहे. या एकात सोनं असेलही, होन मात्र हा नव्हे. मित्राकडे बाकीच्यांतले तीन उजेडात बघायला माग आणि भिंगाखाली शेजारी शेजारी ठेव. तिन्हींवर एकाच जागी तोच खड्डा, तोच फुगवटा दिसला, तर तिन्ही एकाच साच्यातले. माझा अंदाज असा की तो तीन दाखवणारच नाही.

खरी नाणी बघितल्याशिवाय डोळा तयार होत नाही. मुंबईला गेलास की फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय बघ, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचं दालन आहे. इथे माझ्याकडे आलास तर आपण अंजनेरीला जाऊ, नाशिकपासून जवळच आहे. तिथली नाणकशास्त्र संशोधन संस्था अभ्यासकांची आहे, खरेदी-विक्री करणाऱ्यांची नाही. गिनी विकायची झालीच, तर ज्याला ती विकत घ्यायची आहे त्याच्याच तोंडून तिची पारख ऐकू नकोस. पारख एकाकडून, भाव दुसऱ्याकडून.

तेव्हा आता एवढं कर. मित्राला पैसे दिले नसतील तर देऊ नकोस. आगाऊ काही दिलं असेल तर हे पत्र संपवण्याआधी मला फोन कर. आणि गिनीचं वजन, पाण्यातला आकडा, सालाच्या वरच्या अक्षराचा आणि कडेचा जवळून काढलेला फोटो, असं सगळं रविवारपर्यंत पाठव. ते आल्याशिवाय मी ‘खरी’ म्हणणार नाही आणि तूही सराफाची पायरी चढू नकोस.

तुझी,
आत्या